अंगठा तुमचा, हिशेबही तुमचाच हवा

पौष महिन्यातली कडाक्याच्या थंडीची सकाळ. तापीकाठच्या एका गावात केळीची बाग पाहायला निघालो होतो. वाटेत रेशन दुकानापुढे पंधरा-वीस माणसांची रांग आणि रांगेच्या तोंडाशी सत्तरी ओलांडलेली एक माय. दुकानदार तिला म्हणत होता, "माय, पुन्हा लाव. दाबून लाव." तिने उजवा अंगठा लावला, डावा लावला, पदराला पुसून परत लावला. यंत्र दरवेळी नकाराचा आवाज काढायचे. मागची माणसे चुळबुळ करू लागली. शेवटी रिकामी पिशवी काखेत मारून ती बाजूला झाली आणि मला म्हणाली, "भाऊ, आख्खं गाव माले वळखस, हाई मशीनच वळखत नही. आते मी काय करू?"

तिचे दोन्ही तळवे पाहिले. पन्नास वर्षे निंदणी, कापूस वेचणी आणि केळीच्या बागेतली मजुरी. बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झालेल्या. ज्या कष्टाने तिला धान्यावर हक्क दिला, त्याच कष्टाने तिची ओळख पुसून टाकली होती.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज रेशनचे धान्य, खताची गोणी, पीएम-किसानचा हप्ता, निराधाराचे अनुदान, हयातीचा दाखला, जमिनीची खरेदी आणि गावातल्या बँक मित्राकडून काढलेले पैसे या सगळ्यांच्या दारावर अंगठा उभा आहे. शाळेत न गेलेला माणूस पूर्वी 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवला जाई. आता शिकलेला असो वा न शिकलेला, सगळेच अंगठेबहाद्दर झालो. तेव्हा हा अंगठा काम कसे करतो, कुठे अडतो आणि कुठे फसवतो, हे समजून घेतलेले बरे.

सुरुवात आपल्याच खान्देशातून

अंगठ्याच्या या कारभाराचा नारळ फुटला तो दिल्ली-मुंबईत नव्हे, आपल्या खान्देशात. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात टेंभली नावाचे आदिवासी वस्तीचे छोटे गाव आहे. नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता. या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला क्रमांक मिळाला तो गावातल्या रंजना सोनवणे यांना. नंदन नीलेकणी हे तेव्हा या प्राधिकरणाचे अध्यक्ष होते.

त्या वेळी सांगितलेला हेतू साधा होता. गरिबाजवळ जन्माचा दाखला नसतो, शाळेचा नसतो, घराचा उतारा नसतो. कागद नाही म्हणून बँकेत खाते नाही, खाते नाही म्हणून योजना नाही. पण दहा बोटे, दोन डोळे आणि एक चेहरा प्रत्येकाजवळ असतो. तोच त्याचा दाखला मानायचा. कल्पना चांगलीच होती. पुढे २०१६ साली आधारचा कायदा झाला आणि आज शंभर कोटींहून अधिक लोकांजवळ हा बारा अंकी क्रमांक आहे. मात्र ओळख मिळाली म्हणून हाताला काम मिळाले असे झाले नाही, ही तक्रार टेंभलीच्या गावकऱ्यांनी पुढे वेळोवेळी केली, तीही ध्यानात ठेवावी. ओळखपत्र म्हणजे दाराची किल्ली. कोठीत धान्य आहे की नाही, हा प्रश्न किल्लीने सुटत नाही.

तरीही किल्लीचे उपयोग झाले हे मान्य करायला हवे. धुळे-नंदुरबारच्या सातपुड्यातली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत उतरतात. पूर्वी कार्ड गावात आणि पोट परराज्यात अशी गत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत एकमेकांच्या कार्डावर धान्य देण्याची सोय सुरू झाली आणि पुढे ती 'एक देश, एक रेशन कार्ड' म्हणून देशभर गेली. परक्या गावातला दुकानदार तुम्हाला ओळखत नाही, पण अंगठ्यावरून यंत्र ओळखते, म्हणून हे शक्य झाले. तसेच मेलेल्या माणसांच्या नावावर आणि एकाच घराच्या दोन-दोन कार्डांवर जे धान्य परस्पर जात होते, त्याला आळा घालण्यासही या पद्धतीची मदत झाली.

ठशाची जुनी गोष्ट

अंगठ्याचा ठसा आपल्याला नवा नाही. सावकाराच्या खतावर आपल्या आजोबा-पणजोबांनी तो किती वेळा दिला असेल! कागदावर शंभर लिहिले की हजार, हे वाचता येत नव्हते. शाई लावून अंगठा टेकवला की झाले. रक्कम न वाचता दिलेल्या अंगठ्याने कित्येकांची शेते गेली, या कथा आपल्याकडे घरोघर आहेत.

ठशाने माणूस ओळखण्याचे शास्त्रही मोठ्या प्रमाणात आपल्याच देशात वाढले. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. पुढे माणसाने 'ही सही माझी नाहीच' असे म्हणू नये, एवढाच त्याचा उद्देश. नंतर पेन्शन घेणाऱ्यांचेही ठसे त्याने घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्याच्या नावावर दुसराच पेन्शन उचलतो ही अडचण तेव्हाही होतीच. १८९७ साली कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलीमुद्रा कार्यालय सुरू झाले. लाखो ठशांतून नेमका एक ठसा शोधता यावा म्हणून त्यांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे झाले. चोराच्या ठशावरून चोर पकडण्याची पोलिसांची विद्या इथूनच वाढली.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ठसा कागदावर होता, आज काचेवर आला. फरक एवढाच की कागद डोळ्यांपुढे असे आणि आता तो यंत्राच्या पोटात आहे.

यंत्र नेमके काय पाहते?

पुष्कळांना वाटते की यंत्र अंगठ्याचा फोटो काढते आणि फोटोला फोटो जुळवून पाहते. तसे नाही. बोटावरच्या रेषा पाटचारीसारख्या असतात. कुठे एका चारीला दोन फाटे फुटतात, कुठे चारी मध्येच संपते. अशा फाट्यांच्या आणि टोकांच्या जागा यंत्र टिपते. नोंदणीच्या वेळी टिपलेला नकाशा आणि आजचा नकाशा पुरेसा जुळला की 'होय', नाही जुळला की 'नाही'. ही जुळणी दुकानातल्या डबीत होत नाही. डबी फक्त ठसा वाचते आणि तुमच्या बारा अंकी क्रमांकासह इंटरनेटवरून पाठवते. तिकडून उत्तर येते. म्हणून टॉवरला रेंज नसली की अंगठा कितीही चांगला असला तरी काम अडते. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंजसाठी यंत्र हातात घेऊन टेकडीवर चढणारे दुकानदार आपण पाहतोच.

या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर त्यांची ठेवण बदलत नाही. जुळ्या भावंडांच्याही रेषा वेगळ्या असतात. पण ठेवण बदलत नसली तरी उठाव झिजतो, आणि इथेच आपल्या कष्टकऱ्याचे घोडे पेंड खाते.

कष्टकऱ्याचा अंगठा का उठत नाही?

कार्यालयात बसणाऱ्याचा अंगठा सहसा पहिल्या झटक्यात उठतो. निंदणारीचा, वेचणारीचा, ऊसतोड्याचा, वीटभट्टीवरच्या मजुराचा उठत नाही. कारणे साधी आहेत. विळ्या-खुरप्याची मूठ रोज बोटाला घासते. कपाशीच्या पक्क्या बोंडाची टोके बोटांच्या पेरांना ओरखडतात. केळीचा चीक बोटांवर काळा थर धरतो. खत हाताने फेकले, सिमेंट कालवले की कातडी कोरडी पडून भेगाळते. थंडीत कोरडेपणा आणखी वाढतो आणि म्हातारपणी कातडी सैल व पातळ होते. रेषा मूळच्या गेलेल्या नसतात, वरचा उठाव गेलेला असतो. हाताला काही दिवस विश्रांती मिळाली की त्या पुष्कळदा पुन्हा उमटतात. पण हातावर पोट असलेल्याला विश्रांती कोण देणार?

तेव्हा पुढील साध्या गोष्टी करून पाहाव्यात.

१) दुकानात जाण्यापूर्वी हात कोमट पाण्याने व साबणाने धुवावेत. चीक, तंबाखू-चुन्याचा अंश, मेंदी व काजळी राहू देऊ नये.

२) बोट फार कोरडे असेल तर ओल्या फडक्याने किंचित दमट करावे अथवा आदल्या रात्री खोबरेल तेल चोळावे. मात्र ओले किंवा तेलकट बोट काचेवर ठेवू नये, पुसून घ्यावे.

३) यंत्राची काच मऊ कापडाने पुसायला सांगावी. काचेवर थेट ऊन पडत असेल तर यंत्र सावलीत घ्यावे.

४) बोट सपाट ठेवावे, फार दाबू नये. दाबल्याने रेषा एकमेकींत मिसळतात. 'दाबून लाव' हा सल्ला उलटा आहे.

५) अंगठाच हवा असे काही नाही. दहाही बोटांची नोंद असते. डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका कामात कमी घासली जाते, ती पुष्कळदा चालते. जे बोट चालले ते कायमचे लक्षात ठेवावे.

६) बोटे सतत अडत असतील तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने नोंदवून घ्यावेत. ही केंद्रे बँकांत, टपाल कार्यालयांत व तालुक्याच्या ठिकाणी असतात. ठरलेले शुल्क देऊन पावती घ्यावी. त्याच खेपेला आपला चालू मोबाईल क्रमांक जोडून घ्यावा. मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात, तेही विसरू नये.

७) मजुरीच्या कामात शक्य तेथे हातमोजे वापरावेत. फवारणीला आणि खत टाकताना मोजे घाला असे आम्ही आरोग्यासाठी सांगतोच. आता ओळखीसाठीही सांगावे लागते.

बोटांखेरीज इतरही वाटा आहेत. पीएम-किसानच्या ई-केवायसीला तीन रस्ते आहेत. आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी, सेवा केंद्रात अंगठा, आणि जून २०२३ पासून मोबाईल अ‍ॅपवर चेहरा दाखवून. ज्यांची बोटे गेली त्यांच्यासाठी चेहऱ्याचा मार्ग सोपा आहे. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने म्हाताऱ्या माणसांसमोर चांगल्या उजेडात मोबाईल धरला तर काही मिनिटांचे काम. हयातीच्या दाखल्यालाही निवृत्तिवेतनधारकांसाठी चेहऱ्याची सोय २०२१ पासून झाली आहे.

अंगठा उठला नाही तरी हक्क जात नाही

आता हे जरा गावकारभाऱ्यांसाठी, म्हणजे सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, रेशन दुकानदार आणि आम्ही कृषी खात्याची माणसे, या सर्वांसाठी.

यंत्राने नकार दिला म्हणून माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे ही आपल्याकडे पडलेली सवय आहे, नियम नाही. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी परिपत्रक काढून हे स्पष्ट केले. बोटांचे ठसे जुळले नाहीत तर डोळ्यांचा किंवा ओटीपीचा मार्ग पाहावा. रेंज नसेल, वीज नसेल किंवा काहीच जुळत नसेल तर लाभार्थ्याचे कार्ड पाहून, खात्री करून, नोंदवहीत अपवाद म्हणून लिहून लाभ द्यावा, असा त्याचा आशय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारचा निकाल दिला. सरकारी अनुदानाच्या योजनांसाठी आधार मागणे त्यात ग्राह्य धरले, पण ठसा जुळला नाही एवढ्यावरून खऱ्या हकदाराला वंचित ठेवले जाणार नाही, ही बाबही त्या निकालात नोंदली गेली. त्याच निकालाने बँक खात्याला आणि मोबाईलला आधार जोडण्याची सक्ती मात्र रद्द केली.

रेशनच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पुष्कळांना ठाऊक नसतात. कार्डावर ज्यांची नावे आहेत त्यांतल्या कुणाही एकाने ठसा दिला तरी चालते, कुटुंबप्रमुखच हवा असे नाही. आणि जी म्हातारी माणसे, अपंग किंवा एकटे राहणारे दुकानात येऊ शकत नाहीत किंवा ज्यांचा ठसा कधीच उठत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या विश्वासू व्यक्तीला 'नॉमिनी' म्हणून नेमण्याची सोय आहे. त्यासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा. अडवणूक झाल्यास १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो हा त्यातला हक्क आहे आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. दान नव्हे, हक्क.

दुकानदारांची अडचणही समजून घ्यायला हवी. यंत्रावर नोंद न होता धान्य दिले तर साठ्याचा मेळ बसत नाही आणि तपासणीत तोच सापडतो. म्हणून तो घाबरतो. यावर उपाय म्हणजे अपवादाची नोंदवही प्रत्येक दुकानात असावी, तिच्यात नाव, तारीख, कारण आणि दोन पंचांच्या सह्या असाव्यात आणि पुरवठा निरीक्षकाने ती दर महिन्याला पाहावी. दक्षता समितीने एवढे एक काम मनावर घेतले तरी पुष्कळ. गावात ठसा न उठणारी किती माणसे आहेत? दहा-पंधरा असतील. त्यांची यादी करणे एका सकाळचे काम आहे. बनावट लाभार्थी शोधण्यासाठी आणलेल्या यंत्राने खरीच म्हातारी उपाशी ठेवली, तर ते चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होईल.

अंगठ्याची चोरी

आता दुसरी बाजू. न उठणारा अंगठा जसा त्रास देतो, तसा भलतीकडे उठलेला अंगठाही देतो.

आमच्या खात्याशी संबंधित गोष्ट आधी सांगतो. २०१८ पासून देशभर रासायनिक खतांची विक्री पीओएस यंत्रावर होते. ४५ किलोची युरियाची गोणी आपल्याला साधारण २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याहून कितीतरी जास्त असतो आणि वरचा भार सरकार अनुदान म्हणून कंपनीला देते. पण केव्हा? दुकानात यंत्रावर शेतकऱ्याची ओळख पटून विक्री नोंदली गेल्यावर. म्हणजे तुमच्या अंगठ्याने एका गोणीमागे सरकारी तिजोरीचे दार उघडते. एवढी त्याची किंमत आहे! कोण सर्वांत जास्त गोण्या घेतो, त्यांच्या याद्या निघतात आणि आम्हाला घरोघर जाऊन तपासणी करावी लागते. अशाच एका तपासणीत दोन एकरांचा एक शेतकरी भेटला. त्याच्या नावावर पंचवीस-तीस गोण्या युरिया. बिचारा चकित झाला. त्याने घेतल्या होत्या चार. दुकानात 'दादा, जरा अंगठा ठेवा, यंत्र तपासायचं आहे' असे कुणी म्हटले आणि ओळखीखातर त्याने दोन-तीनदा ठेवला. त्याचा फायदा काही नाही. जबाब मात्र त्यालाच द्यावा लागला. तेव्हा बंधूंनो, खत घेताना जितक्या गोण्या तितक्याच गोण्यांची पावती घ्या. दुसऱ्याच्या गोणीसाठी अंगठा देऊ नका आणि आपल्या गोणीसाठी दुसऱ्याचा घेऊ नका.

बँक मित्राकडचा व्यवहार तर याहून नाजूक. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर गावात बसून पैसे निघतात. पासबुक नको, कार्ड नको, पिन नको. म्हाताऱ्यांची तालुक्याची खेप वाचली, हे खरेच. पण 'अंगठा उठला नाही, पुन्हा लावा' असे सांगून दोनदा पैसे काढून घेतल्याचे प्रकारही घडतात. शिल्लक पाहण्यासाठी लावलेला अंगठा आणि पैसे काढण्यासाठी लावलेला अंगठा, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. आणि खात्याला मोबाईल जोडलेला नसेल तर संदेशही येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पासबुक भरून आणले की कळते. तोवर कुणाला विचारणार?

तिसरा प्रकार ठशाच्या नकलेचा. २००१ सालच्या दुरुस्तीनंतर जमीन खरेदी-विक्रीच्या दस्तावर दोन्ही बाजूंचे फोटो व बोटांचे ठसे घ्यावे लागतात. हे चांगल्यासाठीच आहे. खोटा माणूस उभा करून दुसऱ्याची जमीन विकण्याला त्याने आळा बसतो. पण २०१८ साली तेलंगणात असे उघडकीस आले की जमिनीच्या दस्तांच्या प्रतींवरून ठसे उचलून, त्यांचे रबरी साचे करून, त्यावर मोबाईलची सिमकार्डे सुरू केली गेली. पुढे देशाच्या इतर भागांत अशाच नकली ठशांनी बँक खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे दाखल झाले. समोरचे बोट जिवंत आहे की साचा, हे ओळखणारी सुधारणा आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली. तरी भरवशाच्या म्हशीला टोणगा होऊ नये म्हणून आपणही सावध असावे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

यावर कुलूप आहे. एम-आधार या मोबाईल अ‍ॅपवरून किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून आपले ठसे 'लॉक' करता येतात. मग कुणी तुमचा ठसा आणला तरी काम होत नाही. आपल्याला लागेल तेव्हा ते तात्पुरते उघडता येते. मात्र यासाठी मोबाईल आधारला जोडलेला हवा. आणि ज्या घरी दर महिन्याला अंगठ्यावर रेशन येते, त्यांनी कुलूप उघडायची रीत आधी शिकून मगच लावावे, नाहीतर दुकानात पुन्हा तोच नकार. त्याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत आपला आधार केव्हा वापरला गेला, याची यादीही पाहता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम द्यावे.

पैसे परस्पर गेल्याचे दिसताच तीन गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि ठसे लॉक करावेत. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमांत तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवण्याला फार महत्त्व दिले आहे. 'बघू पुढच्या आठवड्यात' असे म्हणणारा नुकसानीत जातो. आधारविषयी शंका असल्यास १९४७ हा क्रमांक आहे. आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला तर देऊ नये, मग तो स्वतःला बँकेचा म्हणो, कृषी खात्याचा म्हणो की आणखी कुणाचा. आम्ही फोनवर ओटीपी मागत नसतो.

शेतकरी ओळख क्रमांक

२०२५ पासून आपल्या राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी लागू लागला आहे. यात तुमचा आधार आणि तुमच्या सातबारावरची गट क्रमांकांची माहिती एकमेकांना जोडली जाते. एकदा ही गाठ पक्की बसली की अनुदान, पीएम-किसान, पीक कर्ज यांसाठी तेच तेच उतारे घेऊन फिरावे लागू नये, असा हेतू आहे. पण गाठ चुकीची बसली तर सोडवायला वेळ लागतो. म्हणून नोंदणी करताना सेवा केंद्रात बसून आपले सर्व गट पडद्यावर आले का, क्षेत्र बरोबर आहे का, सामायिक खात्यात आपला हिस्सा दिसतो का, नाव आधारवर जसे आहे तसेच सातबारावर आहे का, हे वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. आणि मगच अंगठा द्यावा किंवा ओटीपी सांगावा. आजोबांच्या काळी न वाचता दिलेल्या अंगठ्याने जे केले, ते नातवाच्या काळी पडद्यावर होऊ नये.

एक वही एवढी ठेवा

शेवटी एकच सुचवायचे आहे. प्रत्येक घरात दोनशे पानी एक वही ठेवावी आणि तिला 'अंगठा वही' म्हणावे. कुणाचा अंगठा, कोणत्या तारखेला, कुठे, कशासाठी दिला आणि बदल्यात काय मिळाले, एवढे लिहावे. रेशन दुकानात दिला तर किती किलो, कृषी सेवा केंद्रात दिला तर किती गोण्या, बँक मित्राकडे दिला तर किती रुपये. पावती मिळाली तर तिथेच चिकटवावी. अंगठा लावण्याआधी मोठ्याने विचारावे, "भाऊ, हा कशासाठी? किती?" चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाची लाज बाळगू नये. विचारणाऱ्याला फसवणे अवघड असते.

आणि ती माय? त्या दिवशी पोलीस पाटील आणि दुकानदार यांच्याशी बसून बोललो. तिची सून त्याच कार्डावर होती, पण ती मजुरीला परगावी. आधी दहाही बोटे लावून पाहिली. डाव्या हाताचे मधले बोट आठव्या खेपेला उठले. मागच्या महिन्याचे धान्य मात्र बुडाले ते बुडालेच, कारण तेव्हा तिला कुणी दुसरे बोट लाव असे सांगितलेच नव्हते. आता शेजारच्या मुलीला नॉमिनी करण्याचा अर्ज तहसीलला दिला आहे. पिशवी डोक्यावर घेऊन निघताना तिने ते मधले बोट माझ्यापुढे धरले आणि हसून म्हणाली, "हाई बोट ध्यानमां ठेवसू, भाऊ."

तिच्यासारखी माणसे तुमच्याही गावात आहेत. पुढच्या महिन्याचे वाटप सुरू होण्याआधी त्यांच्या घरी एक चक्कर मारा आणि त्यांचे चालणारे बोट शोधून द्या.